अलीकडच्या काठाने

सन १९२६, आश्विन शुद्ध द्वितीया, शुक्रवार. बोरखेडी, पूर्णेच्या काठी.

अंग आंबून गेलं आहे. उंद्रीहून खामगावपर्यंत दमणी, तिथून जलंबपर्यंत आगगाडी आणि पुढे नदीपर्यंत पुन्हा बैलगाडी. ही शेवटची गाडी काळ्या मातीत अशी रुतली की बैलांनी माना टाकल्या. हस्ताचा पाऊस जाता जाता झोडपून गेला आहे. गाडीवान म्हणाला, "खारखेडची वाट आता दिवाळीपर्यंत नाई सुकत, रावसाहेब." म्हणजे झुंबरला सासरी पोचवायचं तर नदीनेच. खारखेड पूर्णेच्या पलीकडच्या काठाला, खाली बरंच लांब आहे.

पितृपक्षात लेक सासरी धाडत नाहीत, म्हणून पंधरवडाभर थांबलो. अविधवा नवमीला हिच्या आईचं केलं. ती गेल्यापासूनचं पहिलंच. व्याही पंजाबरावांचा निरोप दोनदा येऊन गेला, की कापूस फुटला, दसऱ्याच्या आत सून घरी पाहिजे. त्यांचंही खरंच आहे. नागपंचमीला आलेली पोर, किती दिवस ठेवून घ्यायची?

नाव मिळाली ती अब्दुल गनीची. नाव कसली, दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या ठोकल्या आहेत. त्यावर रांजण आणि माठ रचलेले. या खारपाणपट्ट्यात विहिरींना मीठ आहे, प्यायचं पाणी नदीवरून आणून साठवावं लागतं, त्यामुळे गनीच्या धंद्याला मरण नाही. तो गावोगाव थांबत माल विकत जाणार आणि अंधार पडायच्या आत काठाला नाव बांधणार. बांबू मारायला त्याचा मेहुणा जब्बार आणि स्वयंपाकाला बायको, खैरुन्निसा. मी म्हटलं, लवकर पोचव. तो म्हणाला, "पोचवतो नं. नदी काय मायी नोकर आहे का, हाकलली की पळन?" माणूस तोंडाळ आहे.

आश्विन शुद्ध तृतीया, शनिवार.

नदीवरचा पहिला मुक्काम निमखेडला. दिवसभर बसून कंबर गेली. रांजणांच्या मधल्या फटीत माणसाने बसायचं म्हणजे मीच एक माठ झालो.

झुंबरला नाव मानवत नाही. सकाळी उठल्याबरोबर काठावर जाऊन ओकली. दुपारी पुन्हा तेच. मी म्हटलं, "काय झालं व माय?" ती म्हणाली, "काई नाई बाबा, नाव हालते म्हणून." पण तेव्हा नाव बांधलेली होती. पोटात पित्त असेल. मी सुंठ-साखर दिली, ती तिने पदराला बांधून ठेवली.

संध्याकाळी पाहतो तर ही खैरुन्निसाच्या चुलीपाशी बसून अंबाडीची भाजी खाते आहे. आम्ही घरून दशम्या आणल्या आहेत, त्या तशाच. देशमुखाची लेक मुसलमानाच्या चुलीवरचं खाते, हे खारखेडला कळलं तर? रागवायला गेलो होतो, पण पोर इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवताना दिसली. मग मी नदीकडे तोंड करून बसलो, पाहिलंच नाही.

आश्विन शुद्ध चतुर्थी, रविवार. मुक्काम मांडवे.

आज त्या बाईने माझा अपमान केला. लिहून ठेवतो.

मांडव्याच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. चूळ भरली आणि थुंकलो. आमच्या घाटावर उंद्रीला विहिरीचं पाणी कसं गोड, आणि इथली माणसं हे खारट पाणी गुरांना पाजतात नि स्वतःसाठी नदी चढउतार करतात. मी गावातल्या मारुतीच्या ओट्यावर बसलो होतो. झुंबरला म्हटलं, आंघोळीला नदीचं पाणी आण. ती घागर घेऊन निघाली. दरड उभी आहे, चिकणमातीची, पायऱ्या म्हणून नुसते खळगे पाडलेले. ती भरली घागर डोक्यावर घेऊन अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात खैरुन्निसा खालून धावत आली. तिने घागर ओढून घेतली, पाणी तिथेच ओतलं आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "आंघोळ करणाराले पाय नाईत का?"

परक्या बाईने, तेही माझ्या लेकीसमोर! मी गनीकडे पाहिलं तर तो रांजणाला बुडाकडून ठोकून पाहत बसला होता, जणू त्याला ऐकूच आलं नाही. झुंबर मान खाली घालून उभी. तिने तरी बापाची बाजू घ्यावी की नाही? आंघोळ राहिलीच. अंगाला घामाचा वास येतो आहे.

सासरी ती रोज पाणी भरत असणारच. मोठं घर आहे, कामं असायचीच. आपल्याकडच्या सगळ्या बायका पाणी भरतात.

ललिता पंचमी, सोमवार.

आजचा मुक्काम जिथे आहे त्या गावाचं नाव विचारलंच नाही. समोर, पलीकडच्या काठावर देवीचं देऊळ आहे. दगडी घाट, पायऱ्या, वर मोठं चिंचेचं झाड. आज ललिता पंचमी. मी गनीला म्हटलं, नाव पलीकडे ने, झुंबरला ओटी भरू दे. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा काही टिकलं नाही. देवीच्या पायाशी डोकं ठेवलं तर बरंच. हिची आई असती तर तिने या पोरीला कुठकुठं नेलं असतं. मला त्यातलं काय कळतं?

गनी म्हणाला, "तिकडं गाळ लय आहे, रावसाहेब. नाव बसन." मी म्हटलं, दगडी घाट दिसतो आहे समोर. तो म्हणाला, "दगडाच्या खाली गाळच असते."

दुपारी हाच गनी गावातल्या भोयाची डोंगी मागून, चार माठ घालून, पलीकडे जाऊन विकून आला. पाय कोरडे ठणठणीत. मी विचारलं, गाळ कुठे गेला? तर म्हणाला, "वाहून गेला." सगळे दात काढून हसला.

तीन मुक्काम झाले. प्रत्येक वेळी नाव अलीकडेच बांधतात, जिथे काटे, चिखल, डास. पलीकडे चांगली जागा असली तरी नाही. या लोकांची पलीकडच्या गावांशी काही भांडणं असावीत. झुंबरला विचारलं, तुला देवळात जायचं होतं ना? तिने इथूनच हात जोडले. म्हणाली, "देवीले दिसते बाबा इकडचंही."

षष्ठी, मंगळवार.

पाऊस. कांबळं डोक्यावर घेऊन बसलो. गुडघे वाजतात.

एका वळणावर धार अंगावर आली आणि नाव पलीकडच्या काठाकडे ओढली जाऊ लागली. खैरुन्निसा जब्बारवर अशी ओरडली की मी दचकलो. "अलीकडं, जब्बार, अलीकडं!" तिने स्वतः दुसरा बांबू घेतला. त्या ओढाताणीत दोन मोठे रांजण घरंगळून फुटले. मला वाटलं, आता नवरा-बायकोत जुंपणार. पण नाव अलीकडच्या काठाला लागली आणि ती बाई खाली बसून झुंबरच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. फुटलेल्या मालाचं कुणी नावही काढलं नाही. अशाने यांचा व्यापार चालायचा कसा?

आज मीही त्यांच्या चुलीशी शेकत बसलो. खाल्लं मात्र नाही.

सप्तमी, बुधवार. खारखेडच्या समोर.

पोचलो सकाळीच. पण आज बुधवार, आणि बुधवारी लेक सासरी धाडत नाहीत. गनीने उगीच घालवलेले दिवस वेगळे, आणि हे वेगळं. हे पाळावंच लागतं. त्याला म्हटलं, आज अलीकडेच राहू, उद्या सकाळी पार करू. एरवी वाद घालणारा गनी चटकन म्हणाला, "बराबर आहे रावसाहेब. अजून दोन दिवस पाळायचे असन तं पाळा." थट्टा करत होता की काय, कळलं नाही.

नदी इथे अरुंद आहे. समोरचं सगळं दिसतं. खारखेडची दरड मांडव्याहून उंच आहे. सकाळपासून बायका उतरत होत्या आणि चढत होत्या. डोक्यावर दोन घागरी, काखेत कळशी. ओल्या मातीत पायाची बोटं रोवून, एक हात दरडीला टेकत वर यायचं आणि मग गाव, तेही लांब, झाडांच्या आड. एक बाई मध्येच बसली. भरली घागर तशीच डोक्यावर धरून बसली आणि पुन्हा उठली. दुपारी ऊन तापलं तरी रांग तुटली नाही.

मी झुंबरला विचारलं, "तुमचं पाणीही इथूनच का?"

"हाव."

"कोण भरते?"

"मलेच भरा लागते. सासूबाईचे पाय दुखते. जावा वावरात जाते."

"किती खेपा होतात?"

ती हसली. म्हणाली, "बाबा, खेपा कोणी मोजते का?"

मला त्या दरडीकडे पाहूनच थकवा आला. लग्न ठरवताना मी वावर पाहिलं, बैल पाहिले, ओसरीचे खांब पाहिले. विहिरीचं पाणीही मी चाखलं नव्हतं. त्यांनी गुळाचं सरबत दिलं होतं. आता लिहून काय उपयोग? उद्या सकाळी पोचवली की माझं काम झालं. मग उंद्रीला जाऊन चार दिवस झोपायचं आहे.

दुर्गाष्टमी, गुरुवार. दुपार.



सकाळी जावई शेषराव समोरच्या काठावर आले. बरोबर विहीणबाईही होत्या. शेषरावांनी तिकडून हाक मारली, "आणा लवकर! वेचणीले बायका थांबल्या!" शब्द अन् शब्द ऐकू आला. मी झुंबरची पेटी उचलली आणि गनीला म्हटलं, चल. गनीने बांबू उचलायच्या ऐवजी आडवा ठेवला. म्हणाला, "तुमाले नेतो. पोरीले नाई नेत."

मी भडकलो. भाडं ठरलं आहे, वेळ ठरली आहे, हा कोण मला सांगणार? तेव्हा खैरुन्निसा पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट करून, आज अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, रागवा, पण आयका. पोटुशी बाई नदी ओलांडत नाई. तुमच्यात नाई अन् आमच्यात बी नाई."

मी विचारलं, "कोण पोटुशी?"

 जब्बार उठून काठावर गेला. झुंबरने पदर तोंडावर ओढला. तेव्हा मला कळलं. इतके दिवस शेजारी बसून, पित्त म्हणत, सुंठ देत, मला आत्ता कळलं.

"पह्यले दोन याच दरडीवर गेले," खैरुन्निसा म्हणाली. "तिनं सांगतलं मले. तिसऱ्या महिन्यात एक अन् पाचव्यात एक. डोईवर घागर असताना."

"मावशी, राहू द्या," झुंबर म्हणाली.

मी तिथेच बसलो.  मी तिला विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं व?"

"कसं सांगू बाबा? असं बापाले सांगते का कोणी? आई असती तं सांगतलं असतं." मग म्हणाली, "वाटलं, नदीनंच जाऊन राह्यलो, नदी ओलांडा लागन तवा तुमीच म्हणसान का नाई म्हणून."

मी कसा म्हणणार होतो? मी तिथी पाहत होतो, वार पाहत होतो. पोरीकडे पाहिलं नाही. पण आता सांगितल्यावर मला दुसरं काही सुचेना. नदी ओलांडायची नाही म्हणजे नाही. माझ्या आईनेही ओलांडली नव्हती, हिच्या आईनेही नाही. मी पेटी खाली ठेवली आणि गनीला म्हटलं, मला एकट्याला ने.

त्याने जब्बारला नावेपाशी ठेवलं आणि काठावरच्या एका भोयाची डोंगी मागून मला पार केलं. शेषराव दरड उतरून खाली आले. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, हे खोटं कशाला लिहू? पण म्हणाले, "मंग तं घरीच पाह्यजे. आमचं लेकरू आमच्या घरी."

मी म्हटलं, नदी ओलांडता येत नाही. बाळंत होईपर्यंत उंद्रीला राहू द्या. तिकडे विहीर दारात आहे, पाणी गोड आहे.

विहीणबाई वरून म्हणाल्या, "अन् इथलं पाणी का उडत येईन घरात? आमी नऊ महिने घागरी वाह्यल्या, आमाले काय झालं? तुमची पोर लोण्याची आहे काय?"

मी हात जोडले. म्हटलं, पाण्याला मी उंद्रीहून माणूस पाठवतो, तो राहील, त्याचं खाणंपिणं माझ्याकडे. त्यावर शेषरावांचा तोल गेला. "लोकं काय म्हणतीन? पंजाबरावाच्या घरी व्याह्यानं ठेवलेला पाणक्या? आमचं नाक कापता का?" दरडीवरच्या बायका घागरी टेकवून ऐकत होत्या. मी म्हटलं, हळू बोला. ते आणखी मोठ्याने म्हणाले, "आज आली तं आली. नाई आली तं मंग दिवाळीलेही आणू नका अन् पुढंही आणू नका. ठेवा घरात. मी दुसरी पाहून घेतो."

 असल्या वेळी लोक काहीतरी करारी बोलतात, माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बरं." विहीणबाईंना नमस्कार केला, त्यांनी पाहिलं नाही. वळलो तेव्हा पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो. गनीने धरून डोंगीत बसवलं.  एवढा तोंडाळ माणूस, पण आज गप्प. मी मनात जुळवाजुळव करत होतो. पोटुशी पोर, तिला हे कसं सांगायचं? सांगायचंच नाही, असं ठरवलं. नवऱ्याने टाकली हे ऐकून तिच्या जिवाला काही झालं तर मी काय करू?

ती काठावर, निघताना सोडली तिथेच उभी होती. मी हसून म्हटलं, "शेषराव खूश झाले. म्हणाले, बाळंतपण उंद्रीलेच करा. पोरीले जपा म्हणाले. दिवाळीले भेटाले येतीन."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हाव का बाबा? लय बरं झालं."

"विहीणबाईही चांगल्या बोलल्या."

"त्या चांगल्याच आहे," ती म्हणाली, आणि माझा हात धरून मला नावेत चढवलं. माझं धोतर भिजलं होतं. कोरडं दिलं, ओलं पिळून दोरीवर टाकलं आणि त्याच्या सुरकुत्या काढत बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

जब्बारने नावेचं तोंड आधीच वरच्या धारेकडे फिरवून ठेवलं होतं. खैरुन्निसाने तांदूळ निवडून ठेवले होते, तेही मला धरून. परत जायचं आहे हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, यांना कसं कळलं कोण जाणे. भात झाल्यावर तिने ताटली माझ्यापुढे ठेवली. मी खाल्लं. भूक लागली होती.

आता धारेविरुद्ध जायचं, म्हणजे आलो त्याच्या दुप्पट दिवस लागतील म्हणतात. लागू देत. झुंबर रिकाम्या फळ्यांवर कांबळं अंथरून निजली आहे, खारखेडकडे पाठ करून. उंद्रीला गेल्यावर हळूहळू काय ते सांगता येईल. आज तिला काही कळलं नाही, एवढं एक तरी माझ्या हातून नीट झालं.